गोऱ्या जावयाची तयारी

आयर्लंडातल्या समस्त मराठी बापांत मुक्ताच्या बाबांइतका पुरोगामी माणूस दुसरा नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. बाकीचे बाप मुलगी गोरा जावई आणेल या धास्तीने पुण्याकडे स्थळांसाठी फोनावर फोन करत होते. या गृहस्थांनी मात्र मुक्ता जेमतेम बारा वर्षांची असतानाच जाहीर केलं होतं, "ती इथलाच कुणीतरी आणणार. आपण तयार असलेलं बरं!" लिक्सलिपमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून, आणि कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात आम्ही दोघंही एकाच गाडीने जाणारे. त्यामुळे ही तयारी मला जवळून बघावी लागली.

दर रविवारी ते भर पावसात मैदानाच्या कडेला उभे राहून हर्लिंग हा आयरिश खेळ शिकायचे. खेळायला नव्हे, बघायला. काठ्या घेऊन धावणाऱ्या त्या तीस जणांत चेंडू नेमका कुठे आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण पंच आंधळा आहे असं शेजारच्या आजोबांच्या बरोबरीने ओरडायला ते पहिल्याच महिन्यात शिकले. फोन ठेवताना इथल्या लोकांसारखं सात-आठ वेळा "बाय बाय बाय" म्हणण्याचा सराव ते माझ्यावर करत. गुरुवारी घरात उकडलेले बटाटे आणि उकडलेला कोबी. मुक्ताची आई वैतागायची, "अहो, जावई यायचा तेव्हा येईल. तोवर मी बिनफोडणीचं का खाऊ?" एकदा बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या तरुणाला बसवून, चहा पाजून, त्यांनी आईवडील, भावंडं, शेती सगळं विचारून घेतलं. बिचारा पाना विसरून पळाला. मुक्ता त्या वेळी शाळेत भूगोलाच्या तासाला बसली होती.

गेल्या वर्षी मुक्ता म्हणाली, "बाबा, आय वॉन्ट यू टू मीट समवन." बाबांनी तातडीने बटाटे उकडायला लावले आणि धीराला म्हणून मलाही बोलावलं. दारातून आत आला तो लिमरिकला मेडिकल डिव्हाइस बनवणाऱ्या कंपनीतला इंजिनीयर. मूळचा नागपूरचा. आल्या आल्या वाकून पाया पडला. बाबांचा तो चेहरा मी विसरणार नाही.

"हर्लिंग बघता का?" त्यांनी अखेरच्या आशेने विचारलं.

"नाही काका. क्रिकेट."

मग ताटाकडे बघून त्याने काळजीने विचारलं, "काका, तुमची तब्येत बरी नाही का?"

मुक्ताच्या आईला हसू आवरेना. ते थांबलं मुक्ताच्या पुढच्या बोलण्याने. मुलाचे वडील आजारी होते आणि लग्नानंतर दोघं नागपूरला राहणार होते. "आय'व्ह थॉट अबाउट इट, बाबा. आय'ल बी ग्रँड," ती म्हणाली. ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत मजेत.

 त्यानंतर पाचव्या दिवशी कारखान्याला जाताना सिग्नलला थांबल्यावर बाबा म्हणाले, "गोरा जावई मला कुठे हवा होता हो? इथला मिळाला असता तर पोरगी इथे राहिली असती."

"मग सांगा की तिला तसं," मी म्हणालो.

"मी इकडे यायला निघालो तेव्हा माझी आई अंथरुणाला खिळली होती. एका शब्दाने 'नको जाऊ' म्हणाली नाही. आता मी कोणत्या तोंडाने म्हणू?" सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा कुठे त्यांनी गिअर टाकला.

लग्न नागपूरला झालं, थाटात झालं. आता मुक्ताचा रोज फोन येतो. जन्मभर मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देणारी ती पोरगी सासूबाईंच्या तालमीत सहा महिन्यांत मराठी बोलायला लागली आहे, आणि तीही वऱ्हाडी. परवा मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. फोन स्पीकरवर होता.

"काऊन बाबा, जेवले का?"

"ऐकलंत? ऐकलंत का?" बाबांनी हरखून फोन माझ्यापुढे धरला. ती सासूबाईंनी तळलेल्या सांबारवडीबद्दल, उन्हाबद्दल, सासऱ्यांच्या औषधांबद्दल भराभरा बोलत राहिली आणि बाबा नुसते "हो, हो" करत राहिले. फोन तिनेच ठेवला. त्यांनी काळा पडलेला पडदा बाहीने पुसला.

"छान बोलते, नाही?" ते म्हणाले. "अगदी तिकडचीच वाटते."