जाड अक्षरातला आकडा

स्वतःचा रिपोर्ट घ्यायला मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेबाहेर बसलो होतो. शेजारी एक जोडपं होतं. यजमानांना पोटाचा कॅन्सर. दर केमोच्या आधी त्यांचं रक्त तपासायचं. बाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण कागदावरची आल्बुमिनची, म्हणजे रक्तातल्या प्रथिनाची, ओळ कितवी, हे त्यांना पाठ होतं. शरीर किती तग धरेल याचा अंदाज डॉक्टर त्या आकड्यावरूनही बांधतात, एवढं त्यांना कळलं होतं.

आज रिपोर्ट हातात येताच त्यांचा चेहरा उतरला. खिडकीपाशी जाऊन त्या म्हणाल्या, "ताई, दर वेळी हा आकडा जाड असतो. आज बारीक का छापलाय?"

आतली मुलगी हसली. "मावशी, बिघडलेला आकडा आम्ही जाड छापतो. आज तो पहिल्यांदाच ठीक आलाय."

लग्नपत्रिकेत मानाची नावं जाड छापतात, तसंच हेही असणार, असं बाई धरून चालल्या होत्या.

मला वाटलं, रक्त माणसाबद्दल पुष्कळ सांगतं, खरंही सांगतं. पण घरी ताट वाढणारा हात कशाच्या बळावर चालतो, ते कुठल्या रकान्यात मावणार?

बाई परत येऊन यजमानांशेजारी टेकल्या. "म्हणजे तीन महिने मी उगीच खूश होते हो!"

"उगीच कशी?" ते म्हणाले. "तुझा चेहरा बघूनच दोन घास जास्त जायचे मला."