बाबांसोबत तीन बागा

जालन्यात बागा पाहायला कोणी येत नाही. इथं माणूस येतो तो बियाणं घ्यायला, लोखंड घ्यायला, नाहीतर दवाखान्यात. त्यामुळे मी दर रविवारी सकाळी बागांमधून फिरते असं सांगितलं की बँकेतले सहकारी हसतात. हसू देत. नवीन जालन्यातल्या माझ्या घरातून निघायचं, आधी कॉलनीतली छोटी बाग, मग तलावाकाठची मोठी, आणि शेवटी मी ज्या कॉलेजात शिकले तिथली वनस्पतिबाग, असा माझा मीच आखलेला रस्ता आहे. सोबत कोणी नको असतं. आठवडाभर काउंटरवर लोकांशी बोलून डोकं इतकं उठलेलं असतं की रविवारी झाडांनीसुद्धा माझ्याशी बोलू नये असं वाटतं.

म्हणून गेल्या मार्चमधल्या एका रविवारी बाबा म्हणाले, "मी बी येतो तुझ्यासंगं," तेव्हा मी आधी वैतागलेच.

आई-बाबा आदल्या संध्याकाळी टेंभुर्णीहून आले होते. का, तर म्हणे सहज. माझे आई-बाबा सहज कुठं जात नाहीत. बाबांनी एसटीत कंडक्टरकी केली आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना बसचं तोंडही पाहायला आवडत नाही. बिनकामाचा फेरफटका तर त्यांनी जन्मात मारला नसेल. तो माणूस चपला घालून माझ्याआधी दारात उभा होता. आई आतूनच म्हणाली, "घेऊन जाय त्यायला. माझे पाय दुखून राह्यले, मी थांबते घरी."

मी बाबांकडे नीट पाहिलं. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. गालही बसल्यासारखे वाटले. माझ्या मनात पाल चुकचुकली.

कॉलनीतल्या बागेत नेहमीची मंडळी गोल गोल फिरत होती. बाबा फिरले नाहीत. ते थेट कोपऱ्यातल्या कंबरभर उंचीच्या पिंपळापाशी जाऊन उभे राहिले. त्याच्या जाळीला पत्र्याची पाटी होती, कोणाच्या तरी आजोबांच्या स्मरणार्थ लावलेलं झाड. बाबांनी पाटी वाचली, जाळी हलवून पाहिली, मग पाला झाडणाऱ्या बाईंना विचारलं, "हे झाड काढून तं टाकत न्हाई ना कोणी?"

"आतापर्यंत तं न्हाई काढलं," त्या म्हणाल्या आणि झाडत पुढे गेल्या.

"पाणी कोण घालतं?" बाबांनी त्यांच्या पाठीला विचारलं.

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आमच्याकडे हल्ली माणूस गेलं की राख नदीत सोडत नाहीत, नदीला पाणी तरी कुठं असतं? ज्याचं शेत आहे तो बांधावर खड्डा करून राख त्यात घालतो आणि वर झाड लावतो. आमचं शेत नाही. आजी गेली तेव्हा विहाराच्या अंगणात बोधिवृक्ष लावला होता, तिथं आता हात ठेवायला जागा नाही. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी ते त्या पिंपळापाशी उभं राहून आठवू नये म्हणून मी बाबांना म्हटलं, "चला, ऊन वाढेल."

तलावाकडे जाताना मी त्यांचा श्वास ऐकत चालले होते. ते झपाझप चालत होते, धाप मलाच लागत होती. आजारी माणूस असा चालतो का, या विचाराने जरा बरं वाटायचं. मग वाटायचं, हट्टानं चालत असतील. आमच्या घरात दुखणं सांगायची पद्धत नाही. कोपऱ्यावरच्या टपरीपाशी मी चहाचं विचारलं तर नको म्हणाले. ज्यांनी जाफराबाद ते जालना प्रत्येक थांब्यावर चहा प्यायला, ते चहाला नको म्हणाले.

तलाव खाली गेला होता. काठचा चिखल वाळून त्याच्या खपल्या निघाल्या होत्या आणि त्यांवर पिवळी पानं साचली होती. मार्चमध्ये ही बाग मला एरवी आवडते. पानगळीत उगाच कोणी फुलांचे फोटो काढत नाही. त्या दिवशी मात्र उघडी पडलेली झाडं पाहवेनात. कुंपणालगत पावसाळ्यातल्या लागवडीसाठी एका ओळीत खड्डे खणून ठेवले होते. बाबा एका खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. तळाची माती मुठीत घेऊन चोळली.

"खाली समदा मुरूम हाय," ते म्हणाले. "मूळ धरायचं न्हाई इथं."

"उठा बाबा!" मी ओरडले. "आधी उठा तिथून!"

भेळेच्या गाड्यापाशी उभी असलेली माणसं वळून पाहायला लागली. आम्हा बापलेकीच्या नाकावर राग सारखाच आहे. मी आवाज चढवला की ते दुप्पट चढवतात, हे लहानपणापासूनचं. त्या दिवशी ते गुमान उठले, हात पँटला पुसला आणि म्हणाले, "चाल बाई, तुझं कॉलेज पाहू." बाबा न भांडता उठले म्हणजे प्रकरण माझ्या अंदाजापेक्षा पुढं गेलेलं होतं.

वाटेत मी मनाशी सगळं जुळवलं. गेल्या महिन्यात दोघं संभाजीनगरला कोणाच्या तरी लग्नाला गेले होते, पण लग्न कोणाचं ते नीट सांगितलं नव्हतं. फोनवर बाबा हल्ली लवकर आईकडे देतात आणि आई लवकर ठेवते. त्यांना काहीतरी झालं आहे आणि स्वतःची जागा ते स्वतःच शोधून ठेवत आहेत. हा माणूस सगळं आधी ठरवून ठेवणारा. मला त्यांचा भयंकर राग आला आणि रस्त्यातच रडूही आलं. ते दिसू नये म्हणून मी त्यांच्या चार पावलं पुढे चालू लागले.

कॉलेजच्या वनस्पतिबागेत रविवारी कोणी नसतं. फाटकावरचे काका मला ओळखतात, त्यांनी सोडलं. आत झाडांना लॅटिन नावांच्या पाट्या आहेत, निम्म्या उन्हानं पुसल्या गेल्यात. पूर्वी मी त्या बाबांना वाचून दाखवल्या असत्या आणि त्यांनी चेष्टा केली असती, की झाडाला स्वतःचं नाव तरी येतं का वाचता? त्या दिवशी पाट्यांकडे ना मी पाहिलं, ना त्यांनी. विहिरीपलीकडे भिंतीलगत एक मोकळा तुकडा आहे. काळी माती, जवळच गळका नळ, शेजारी कडुनिंब. बाबा तिथं थांबले. टाचेनं माती उकरली. मग फाटकाकडे तोंड करून त्यांनी काकांना मोठ्यानं विचारलं, "बाहेरच्या माणसाले झाड लावू देतेत का इथं?"

"बाहेरच्याले न्हाई," काका म्हणाले. "इथं शिकलेलं कोणी असलं अन् अर्ज दिला, तं देतेत."

"ही हाय की," बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "इथंच शिकली."

मला आणखी धीर धरवेना. "बाबा, डॉक्टरनं काय सांगितलं तुम्हाला? खरं सांगा."

"मला?" ते खरोखर गोंधळले. "मला काय झालं? मी ठणठणीत हाय."

मग त्यांच्या लक्षात आलं की मी सकाळपासून काय समजत होते. ते कडुनिंबाच्या सावलीत खाली बसले.

"तुझ्या मायीनं धाडलं मला," ते म्हणाले. "म्हणली, मला तितकं चालवायचं न्हाई, तुम्ही पाहून या."

ते पुढे सांगत गेले. "लग्नाला न्हाई, दवाखान्यात गेल्तो आम्ही. पोटात गाठ हाय तिच्या. पसरलंय म्हणतेत. डॉक्टर म्हणला इलाज करू, पण खात्री न्हाई. तिनं बिलकुल नको म्हणलं. मी लई भांडलो, बाई. ऐकत न्हाई."

"आणि हे, जागा पाहणं?"

"उभा जन्म दुसऱ्याच्या बांधावर भाकर खाल्ली तिनं. चार घास पोटात जात न्हाई तं मालक म्हणायचा, ऊठ. ती म्हणली, जिथून कोणी ऊठ म्हणणार न्हाई अशी जागा पाहा. अन् पोरीला येऊन बसता आलं पाह्यजे."

सकाळपासून मी बाबांची कॉलर, बाबांचे गाल, बाबांचा श्वास निरखत होते. आई रात्री अर्धी भाकरी ताटात ठेवून उठली होती, आणि मी तिला म्हटलं होतं, प्रवासात भूक मरते.

घरी येताना आम्ही रिक्षा केली. रस्ताभर मी भांडण तयार करत होते. मुंबईला नेऊ, मी रजा काढते, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू, असं कसं नको म्हणतेस, तुला कोणी अधिकार दिला. एकेक वाक्य मी धार लावून ठेवत होते. आजवर तिच्याशी जिंकलेलं एकही भांडण मला आठवत नव्हतं, तरी हे जिंकायचंच होतं.

आईनं दार उघडलं. घरात पिठल्याचा वास होता. तिनं बाबांकडे पाहिलं, बाबांनी मान हलवली. तेवढ्यावरून तिला कळलं की जागा सापडली आणि मलाही सगळं कळलं आहे. ती माझ्याकडे वळली. मी तोंड उघडणार तोच तिनं विचारलं, "तुझ्या घरून लांब पडंल का गं ते?"

"नाही," मी म्हटलं. "जवळ आहे. चालत जाता येतं."

"मंग बराबर हाय," आई म्हणाली, आणि ताटं घ्यायला आत गेली.