रेणव्वाला घरी पाठवलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नर्सिंगच्या मैत्रिणींनाही नाही. आम्ही अजून भेटलो की त्याच दिवसांत रमतो — नव्वदच्या दशकातली हुबळी, विद्यानगरची होस्टेलची खोली, खळ घातलेले एप्रन, संध्याकाळी कागदात बांधून आणलेलं चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी. किती हसायचो आम्ही! कशावर हसायचो, ते मात्र कुणी आठवत नाही.

रेणव्वावर हसायचो. ती बसस्टँडवर राहायची. तिच्या तान्ह्या म्हणाव्या अशा मुलीचा हात उकळत्या चहानं भाजला होता, म्हणून दोघी आमच्या वॉर्डात होत्या. ती जवळून गेली की आम्ही नाकाला रुमाल लावायचो. असल्या बायकांना पोरांची कसली माया, म्हणायचो. मी सगळ्यांत मोठ्यानं. धारवाडच्या मास्तरांची मुलगी ना मी!

पोरीचं ड्रेसिंग माझ्याकडे होतं. ती किंचाळायची आणि मलाच घट्ट धरायची. तिचा शेंबूड माझ्या एप्रनला लागायचा. मला — कसं सांगू? — किळस यायची. दया नाही, किळस.

एका दुपारी सिस्टर जेवायला गेल्या होत्या. मी रेणव्वाला कानडीत म्हटलं, "अक्का, डॉक्टर घरी जा म्हणालेत."

घरी! कुठल्या घरी? तिनं उलट विचारलंही नाही. माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, पोरीला कडेवर घेतलं आणि गेली.

सिस्टरना मी सांगितलं, "न सांगता पळाली." कुणी शंका घेतली नाही. का घेतील? आम्ही सगळ्याजणी तिच्याबद्दल असंच तर बोलत होतो. सिस्टर तेवढ्या हळहळल्या — "अजून पट्ट्या हव्या होत्या गं. बोटं आखडतील आता." तेव्हा तरी बोलता आलं असतं. स्टँडवर जाऊन तिला परत आणता आलं असतं. मी गेले नाही.

नोकरीला लागल्यावर, बऱ्याच वर्षांनी, कोप्पीकर रोडवर रेणव्वा समोर आली. मी मान वळवणार तोच तिनं ओळखलं. केवढी हरखली! मुलगी उंच झाली होती. तिला पुढं ढकलत म्हणाली, "याच त्या नर्सक्का. यांनीच तुला बरं केलं. नमस्कार कर."

पोरीनं हात जोडले. एका हाताची बोटं तळव्यात वळून घट्ट बसली होती. उघडली नाहीत.

मी — मीही हात जोडले. हसले. आणि तशीच पुढं निघून गेले.