बडनेऱ्याच्या कडुनिंबाचा निवाडा

समस्त चहाबाजांनी कप खाली ठेवून, उभं राहून ऐकावी अशी गंभीर घटना मी बडनेऱ्यात या डोळ्यांनी पाहिली आहे. स्टेशनबाहेर चहा विकणाऱ्या काकूंच्या कडुनिंबाच्या सालीवर बुरशीचे पांढरे चट्टे आले. झाड आतून सडलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दुपारी करवतवाला येणार होता. झाड गेलं की सावली जाणार आणि सावलीमागोमाग गिऱ्हाईक.

तेवढ्यात अकोल्याच्या गाडीची वाट पाहणारा एक दाढीवाला म्हातारा उठला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत उमर घालवलेला हा गृहस्थ, आपण छत्री बाळगावी तसा पिशवीत सूक्ष्मदर्शक बाळगत होता. झाडाला "माफ करजो भाऊ" म्हणून त्यानं ब्लेडनं सालीचा पापुद्रा काढला, काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवला, आरसा उन्हाकडे वळवला आणि खुदकन हसला. बुरशीकडे इतक्या प्रेमानं पाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. गाडी सुटल्याचंही त्याला भान नव्हतं.

"बीजाणू बिनरंगी, पातळ कवचाचे. हे बुरशी मेल्या सालीवरच जगते, बाई. खोडाले हात नाई लावत. पाहा तुमी."

काकू वाकल्या. "अवं माय, केवढे काळे पाय!"

"त्या तुमच्याच पापण्या हायेत. डोळा जरा वर घ्या."

काकूंनी डोळा वर घेतला आणि त्यांना काचेसारखे इवलेसे दाणे दिसले. तोच करवतवाला हजर झाला. काकू डोळा न काढताच ओरडल्या, "जाय बापा परत! इतकुशाच्या भेवानं आमी येवढं झाड पाडून राहिलो होतो!"