अहवालाचं पहिलं पान

"बियाणं कधी खोटं बोलत न्हाई," चाचा म्हणायचे, आणि म्हणताना चष्मा कपाळावर सरकवायचे. मॅनेजरसाहेबांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते भिंतीवर रंगवून घेतलं. त्याच भिंतीला टेकून खोट्या बियाण्याची पोती छतापर्यंत रचलेली असत, आणि ती पकडायचा पगार चाचांना मिळत असे.

जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीत चाचा दाणे तपासत आणि मी अहवाल लिहीत असे. म्हणून मी त्यांचा 'मुन्शीजी'. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर दाणे ठेवायचे, काही दिवसांनी कोंब मोजायचे आणि शेकडा किती उगवले ते लिहायचं, असं ते काम. एखाद्या मालाच्या अहवालाचं एक पान जरी कमी असलं तरी चाचा अख्खा माल परत पाठवत. "आधा कागद म्हंजे पूरा झूट, मुन्शीजी."

न उगवलेला एकच दाणा तळहातावर घेऊन भांडायला येणारा शेतकरी तुम्हीही पाहिला असेल. चाचा त्याला चहा पाजत. "टक्का थैलीचा असतो, दादा. ह्या एका दाण्याचं काय होईल ते मी न्हाई सांगू शकत. कुणीच न्हाई." शेतकरी चहा संपवून पुन्हा भांडायला लागे.

मग चाचांचे डोळे पिवळे झाले. आम्ही कावीळ समजून त्यांना उसाचा रस पाजला. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी जिथे मिळून आतड्यात उघडतात, त्या तोंडाशी गाठ निघाली. पुण्याला मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी समजावलं, की या जागेच्या कॅन्सरमध्ये पेशींच्या दोन जाती आढळतात. एक आतड्याच्या अस्तरासारखी, दुसरी स्वादुपिंड आणि पित्तनळीसारखी. पहिल्या जातीचे रुग्ण साधारणपणे जास्त जगतात.

"म्हंजे शेत एकच, बी येगळं," चाचा म्हणाले. डॉक्टरांना हे फार पटलं. चाचांची गाठ पहिल्या जातीची होती.

शेजारच्या खाटेवर तीर्थपुरीचे कापडाचे व्यापारी होते. तेच ऑपरेशन, तोच आठवडा, जात दुसरी.

"आपला माल हलका निघाला, चाचा," शेठजी म्हणाले.

"तुम्ही एकच दाणा आहात, शेठजी. तुमचं कोण सांगणार?"

"मंग तुमचं?"

"आमचं बिलकुल पास!"

शेठजी हसले, आणि टाके दुखले म्हणून लगेच थांबले.

जालन्याला परतल्यावर चाचा अहवाल घेऊन ऑफिसात आले. पानं दोन. पहिल्यावर जात होती. दुसऱ्यावर लिहिलं होतं, की काढलेल्या लसिकागाठींपैकी बऱ्याच गाठींत रोग पोचलेला आहे, म्हणजे जात चांगली असली तरी तो पसरला होता. चाचांनी दुसरं पान वेगळं केलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"हे तुमच्याजवळ राहू द्या."

"चाचा, आधा कागद?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बेगमला वाचता येतं, मुन्शीजी. उर्दू शाळेत शिकवलं तिनं, इंग्रजी बी येतं. ऑपरेशनपासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पहिलं पान वाचलं, तवापासून जेवून राह्यली."

मी ते पान खणात ठेवलं, शिक्क्याच्या पॅडखाली.

चाचा दवाखान्यात केमोचं सलाइन लावून घेऊन ऑफिसात यायचे आणि खुर्चीवर बसून कोंब मोजायचे. मोजणं झेपेनासं झालं तेव्हा मी मोजायचो आणि ते फक्त 'बराबर' म्हणायचे. पुढच्या हंगामाची तपासणी सुरू व्हायच्या आत ते गेले. मॅनेजरसाहेबांनी शोकसभेत "आपल्यातलं एक अस्सल वाण हरपलं" असं सांगितलं आणि दोन मिनिटं मौन पाळायला लावलं. त्यांचा फोन वाजेपर्यंत ते पाळलं गेलं.

तिसऱ्या दिवशी मी शहागडला, चाचांच्या गावच्या घरी गेलो. दुसरं पान खिशात होतं. ते द्यावं की न द्यावं, हे ठरत नव्हतं. शेठजीही आले होते. त्यांच्या अंगावरचा सदरा दोन मापं मोठा दिसत होता. ते माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "त्यांची तर चांगली जात होती ना हो?"

माझा हात खिशातल्या पानाकडे गेला.

उत्तर आतल्या खोलीतून, पडद्यामागून चाचींचं आलं. "भाईसाब, नीचे छपा था, दो में से पहला पन्ना. मैं उस्तानी थी. गिनती आती है मुझे."

चाचींना सुरुवातीपासून माहीत होतं.

"मग चाचांना विचारलं का नाही, चाची?" मी म्हणालो.

"मैं खाती थी, तो वो भी दो निवाले खा लेते थे."

खिशातलं पान मी पडद्याखालून आत सरकवलं. ते कुणी उचलल्याचा आवाज आला नाही.

हमरस्त्यापर्यंत मी शेठजींबरोबर चालत गेलो. तीर्थपुरीची बस गच्च भरून आली. बसायला जागा नव्हती. शेठजी उभ्यानंच गेले.