टिकलीची धार

बोर्डीच्या एका बागायतदाराने चिकूची जुनी झाडं काढली, तेव्हा त्यातले तीन ओंडके मी मागून आणले. रेल्वेच्या सिग्नल विभागातून मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि डहाणू रोडच्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये लाकूड कातायचा जुना लेथ बसवला होता. ओंडक्यांच्या टोकांना मेण फासून ते दोन वर्षं सावलीत ठेवले. चिकूचं लाकूड ओलं असताना चीक सोडत राहतं, आणि वाळलं की त्यात खिळासुद्धा नीट शिरत नाही.

लेथ मी उधव्याच्या एका कातारी काकांकडून घेतला होता. जन्मभर त्यांनी खाटांचे पाय, लाटणी आणि देव्हाऱ्यांचे खांब कातले होते. खांदा दुखायला लागल्यावर मोठा लेथ त्यांनी मला दिला आणि हलक्या कामापुरता छोटा स्वतःकडे ठेवला. सोबत दोन पोलादी गोल पटाश्या दिल्या. सागावर त्या छान चालायच्या. चिकूवर मात्र पाच मिनिटांत बोथट व्हायच्या. माझा निम्मा वेळ ग्राइंडरपाशीच जायचा.

हे सगळं हौसेचं चाललं होतं तोवर ठीक होतं. पण त्या वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या बायकोला अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पायही दोन महिन्यांत बराच सुधारला. उजव्या हाताची पकड तेवढी परत आली नाही. पंचवीस वर्षं तिने घरी बसून ब्लाउज शिवले होते, आणि आता तिच्या हातातून डाव निसटून आमटीत पडायचा. ती डाव्या हाताने तो बाहेर काढायची आणि पुन्हा उजव्या हातात धरायची.

हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, "डाव, कालथा, चमचा, सगळ्याच्या मुठी जाड करून घ्या. बारीक दांडी त्यांना धरता येणार नाही. आणि बोटांना रोज काम हवं. नुसता रबरी चेंडू दाबून कंटाळतात लोक."

मुठी चिकूच्याच करायच्या, असं मी ठरवलं. ते लाकूड गुळगुळीत होतं, आणि रोज पाणी लागलं तरी सहज फुगत नाही. पण पटाशी टिकेना. मी उधव्याला जाऊन काकांना सांगितलं. ते उठले आणि फळीवरून एक चौकोनी लोखंडी दांडा काढून आणला. त्याच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढी गोल, पोलादाहून कठीण कार्बाइडची चकती स्क्रूने बसवलेली होती.

"ही टिकली," काका म्हणाले. "वापीला माझा पुतण्या कारखान्यात आहे, त्याने हे बनवून दिलं. पोलाद जिथे हार मानतं तिथे ही चालते. दांडा सपाट धरायचा, भाऊ. पटाशीसारखा तिरपा करायचा नाही. आणि जोर लावायचा नाही, धीरे धीरे."

त्यांनी दोन जादा टिकल्याही दिल्या. एका बाजूची धार गेली की स्क्रू सैल करून टिकली थोडी फिरवायची, नवी धार पुढे येते. असं करत पूर्ण फेरा झाला, की टिकली बदलायची.

पहिल्याच दिवशी चिकूच्या लाकडाच्या लांब, तांबूस साली निघाल्या. मी खुशीत दोन मुठी कातल्या. दोन्ही चुकल्या. एक इतकी जाड झाली की बायकोची बोटं तिच्याभोवती पोचेनात, दुसरी अजून बारीकच होती. मी कातत राहिलो. शेडमध्ये खुर्ची टाकून ती बसायची. एका सकाळी ती म्हणाली, "अहो, थांबा. आवाज बदललाय."

"कसला आवाज?"

"मघाशी कापड फाडल्यासारखा येत होता. आता किंचाळतोय. सुई बोथटली की मशीनसुद्धा असंच करतं."

मी खाली पाहिलं. साली बंद होऊन नुसता भुसा पडत होता, आणि मी नकळत दांड्यावर भार देत होतो. टिकली फिरवली, पुन्हा साली निघाल्या. त्यानंतर ती कधी थांबवते याची मी वाटच पाहायला लागलो.

महिनाभरात पहिल्या टिकलीचा फेरा संपला. दुसरी बसवताना मी सिग्नलचे बोल्ट आवळायच्या सवयीने स्क्रू आवळला. टिचकी वाजली आणि टिकलीचा चंद्रकोरीसारखा तुकडा खाली पडला. तेव्हा कळलं, कार्बाइड कठीण असतं तेवढंच ठिसूळ. उरली एक. मग जुन्या टिकलीला धार लावावी म्हणून तिची कड ग्राइंडरच्या चाकाला लावली. चाकालाच खाच पडली आणि टिकलीच्या कडेला दाते आले.

मी काकांना फोन केला.

"कड घासायचीच नसते," ते म्हणाले. "वरची सपाट बाजू घासायची. हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी मिळते, तिच्यावर पाणी टाकायचं आणि टिकली पालथी ठेवून गोल गोल फिरवायची. आधी रॉकेलने चिकाचा थर पुसून घे. कोरडी घासू नको, ती पूड छातीत जाते. हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नको."

पट्टी आणली. काम सोपं होतं पण कंटाळवाणं. ओल्या पट्टीवर टिकली बोटाखालून सटकायची, माझं नख घासलं जायचं. दहा मिनिटांत मी वैतागलो आणि उठलो. परत आलो तर बायको माझ्या जागेवर बसून उजव्या हाताने टिकली धरायचा प्रयत्न करत होती. टिकली पडायची, ती उचलायची. उचलायलाच तिला मिनिटभर लागायचं.

"राहू दे गं," मी म्हणालो.

"राहू दे काय? तुम्हाला कंटाळा आलाय, मला नाही आला."

मग मी चिकूचाच एक ठोकळा लिंबाएवढा गोल कातला, खालून सपाट केला आणि त्याला दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीने टिकली पालथी चिकटवली. तिने ठोकळा मुठीत धरला. हिऱ्याच्या पट्टीवर ओला, बारीक आवाज सुरू झाला. वीस फेरे झाले की ती थांबायची, पुसायची, भिंगातून पाहायची आणि सगळीकडे सारखी चमक आली नसेल तर पुन्हा सुरू करायची. दाते आलेली टिकली तिने आठवडाभर घासली. दाते पूर्ण गेले नाहीत, पण अर्ध्या कडेला चांगली धार आली. त्या अर्ध्या कडेवर मी पुढचे दोन महिने काम केलं.

महिन्याभराने तिने ठोकळा परत दिला. "हा आता मोठा होतो मला. बारीक करा." मी दुसरा कातला, मग तिसरा, अंगठ्याएवढा. व्यायामाच्या बाईंनी तो तिसरा ठोकळा हातात घेऊन पाहिला, तिची पकड तपासली आणि वहीत काहीतरी लिहिलं. "हे चालू ठेवा," एवढंच म्हणाल्या. घरी येताना रिक्षात बायकोने तो ठोकळा मुठीतून सोडला नाही. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी बाहेर बघत राहिलो.

डावाची मूठ मी शेवटी दुसऱ्या ठोकळ्याच्या मापाने केली. डावाची दांडी आखूड कापून मुठीला पाडलेल्या भोकात चिकटवली. पहिल्या दिवशी तिने आमटी वाढली, दोघांच्या ताटात, थोडी सांडली. कालथा आणि चमचा नंतर केले.

सुईत दोरा ओवणं तिला अजून जमत नाही. शिवणयंत्र तिने बहिणीच्या सुनेला दिलं. तो दिवस वाईट गेला. संध्याकाळपर्यंत ती पट्टी घेऊन शेडमध्ये बसली होती आणि मी लेथ लावला नाही.

मागच्या महिन्यात काका उधव्याहून आले. खिशातून रुमालात बांधलेल्या सहा टिकल्या काढून तिच्यासमोर ठेवल्या. "भाभी, माझ्या आणि तलासरीच्या एका सुताराच्या आहेत. धार लावायला माझी नजर आता पोचत नाही."

तिने एकेक टिकली उजेडात धरून पाहिली. एक बाजूला काढली.

"हिला तडा गेलाय. स्क्रू कोणी आवळला?"

"सुताराने," काका म्हणाले.

"त्यांना सांगा, दोन बोटांनी आवळायचा. बाकीच्या पाच टिकल्या शनिवारी घेऊन जा."

काकांनी मान डोलावली आणि चहाचा कप उचलला.