रंगूनची सावकाशी

यमुनाकाकूंची एक गोष्ट सांगायला घेतली की तिचा पदर धरून दुसरी येते, तिच्यामागं तिसरी. माझ्या सुना म्हणतात, "आई, एकच सांगा, पोळ्या राहिल्यात." पण एकीवर भागत नाही. चार वर्षं आम्ही बायका रोज सकाळी वसमतला एका पटांगणात उभ्या राहत होतो. नुसतं उभं राहिलं तरी किती काय काय घडतं, ते उभं राहणाऱ्यालाच माहीत. आठवेल तसं सांगते.

यमुनाकाकू म्हणजे आमच्या शेजारच्या दत्तरावांची थोरली बहीण. लग्न होऊन पार ब्रह्मदेशात, रंगूनला गेलेल्या. यजमान तिथं तांदळाच्या गिरणीत कारकून. लढाईत रंगूनवर बाँब पडायला लागले तेव्हा त्यांनी काकूंना बोटीत बसवून दिलं आणि स्वतः मागं राहिले. कलकत्ता, तिथून आगगाडीनं पूर्णा, तिथून वसमत, अशा काकू एकट्या माहेरी आल्या. मूलबाळ नव्हतं. सामान म्हणजे एक वळकटी.

मी तेव्हा नवी सून. सकाळी गोवऱ्या आणायला दत्तरावांच्या पटांगणात गेले. हळद शिजवून वाळत घालायचं ते पटांगण. बघते तर काकू मधोमध उभ्या, गुडघे जरासे वाकवलेले, आणि दोन्ही हात हवेत हळूहळू वर चाललेले. हातात काही नाही. वर जायला जेवढा वेळ लागला तेवढाच खाली यायला. मी गोवऱ्या तिथंच टाकल्या आणि सासूबाईंना बोलवायला पळाले. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो.

आत्याबाईंनी कुंपणाआडून बराच वेळ बघितलं. मग सरळ जाऊन विचारलं, "यमुनाबाई, काय करून राहिल्या?"

"काही न्हाई," काकू म्हणाल्या. "सावकाश उभी राहून राहिले."

तेव्हापासून आमच्या गल्लीत त्या प्रकाराचं नाव पडलं, सावकाशी.

*

गल्लीनं ठरवलं, बाई बाँबला भ्याली, अंगात काहीतरी शिरलं. दत्तरावांनी बहिणीच्या काळजीपोटी एका भगताला आणलं. तो लिंबू, निंबाचा पाला, राख असं सगळं मांडून पटांगणात बसला. म्हणाला, "त्येला बाहेर येऊ द्या, मग मी धरतो."

काकू आपल्या नेहमीप्रमाणे आल्या, पाय जुळवले आणि सुरू झाल्या. एक हात निघाला, थांबला, वळला. पाय उचलला, मांजरासारखा अलगद टेकवला. आम्ही सगळ्या श्वास धरून. भगत आधी टक लावून बघत होता, मग त्याच्या पापण्या जड झाल्या, मग मान खाली गेली, आणि काकूंचा फेरा संपेपर्यंत तो घोरत होता.

दत्तरावांनी त्याला हलवून उठवलं. "काय दिसलं महाराज?"

भगतानं लिंबं पिशवीत भरली. "हिच्यात भूत न्हाई. भुताला एवढा धीर नसतो."

*

शिकायला पहिल्या गेल्या त्या आत्याबाई. त्यांचे गुडघे धरायचे. त्यांच्या पाठोपाठ मी, आणि आमच्याकडं शेळीचं दूध घालणारी शेवंता.

रंगूनला काकूंच्या घरासमोर एक चिनी सुतार राहायचा. त्याची म्हातारी आई रोज सकाळी दारापुढं हे करायची. काकूंना तिची भाषा येईना, तिला काकूंची. म्हातारी नुसता कोपर धरून खाली करायची, खांद्यावर बोट ठेवायची. असं पाच वर्षं चाललं. त्यामुळं त्यातल्या कुठल्याच प्रकाराला नाव नव्हतं. नावं काकूंनी इथं येऊन ठेवली. एकाचं नाव दळायचं जातं, एकाचं पाखडणं, एकाचं ढग सारणं.

आत्याबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पाखडायला शिकायचं तर रंगूनला काहून जायचं? घरात सुपं काय कमी हायेत?"

"सुपात धान्य असलं की घाई होते," काकू म्हणाल्या. "म्हणून रिकामे हात."

पहिला महिना त्यांनी आम्हाला नुसतं उभं केलं. मला दम निघेना. "काकू, पुढचं कधी?"

"उभं राहता येऊन राहिलं का?"

"व्हय."

"मग डोळे झाका."

डोळे झाकले आणि मी आत्याबाईंच्या अंगावर पडले. पुढचा महिना पुन्हा उभं राहण्यात गेला.

त्यांचा नेम एकच होता. रोज थोडं करायचं. आज उत्साह आला म्हणून चार फेरे आणि उद्या खाडा, हे त्यांना चालायचं नाही. पाऊस असला तर ओसरीत, पाहुणे असले तर पाहुण्यांसमोर. दत्तरावांच्या घरच्या लग्नात वरात दारात आली तरी आमच्या बायका मांडवामागं ढग सारत होत्या.

*

शेवंता मोठी घाईची बाई. बोलणं भरभर, चालणं भरभर. शेळ्यांच्या मागं फिरून तिला सावकाश ठाऊकच नव्हतं. एका पायावर उभी राहिली की तिला हसू यायचं, मग पाय खाली. चार-सहा महिने असेच गेले. मग एक दिवस तिला हसू आलं नाही आणि पाय वरच राहिला. ती स्वतःच इतकी चकित झाली की खाली ठेवायचं विसरली.

त्याच सुमारास तिच्या शेळ्यांचं दूध वाढलं. त्याच शेळ्या, तोच पाला, पण लोटा काठोकाठ. तिची एक बिथरणारी शेळी होती, धार काढताना लाथा मारायची. ती आता निवांत उभी राहायला लागली होती. पण गल्लीतल्या बायकांना संशय आला. एकीनं तोंडावर विचारलं, "शेवंते, खरं सांग, पाणी घालून राहिली ना?"

शेवंता लोटा पुढं करून म्हणाली, "चाखून बघा बाई. पाणी न्हाई त्याच्यात, सावकाशी हाय."

*

आमचे मामंजी या सगळ्याची चेष्टा करायचे. "हात हलवायला एवढा वेळ? एवढ्यात मी वावर बघून येतो." एकदा आत्याबाईंनी त्यांना पटांगणात ओढलंच. म्हणाल्या, "एक पाय उचलून दाखवा."

हळद घासायचे दिवस होते. घासलेल्या हळदीची भुकटी एका कडेला ढीग करून ठेवलेली. मामंजींनी धोतर खोचलं, पाय उचलला, आमच्याकडं बघून मिशी पिळली आणि सरळ त्या ढिगात बसले. उठले तेव्हा कानापर्यंत पिवळे.

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. "हळद तर लागली. आता नवरी कुठली ते सांगा."

मामंजी दोन दिवस बाजारात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी पटांगणात आले आणि मागच्या रांगेत उभे राहिले. पाय मात्र उचलायचे नाहीत.

*

मला लहानपणापासून दम लागायचा. चुलीचा धूर, धूळ, काहीही पुरायचं. काकू म्हणायच्या, "श्वास ओढू नको. तो येऊन राहिला, येऊ दे."

एकदा बहिणीच्या लग्नाला मी आणि आत्याबाई आगगाडीनं हिंगोलीला निघालो. डबा बायकांनी आणि गाठोड्यांनी गच्च. वाटेतच मला दम सुरू झाला. छातीत शिट्टी वाजायला लागली, ओठ कोरडे पडले. मला वाटलं, आता लग्न काही दिसत नाही. आत्याबाई घाबरल्या होत्या. पण त्यांनी मला उभं केलं, समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ढग सार. माझ्याकडं बघ आणि सार."

गाडी हलतेय, आणि आम्ही सासू-सुना समोरासमोर हळूहळू हात फिरवतोय. डबा एकदम शांत. कोणीतरी म्हणालं, "देवी आली." बायका मागं सरकल्या, खिडकीजवळ जागा झाली, वारा आला. हळूहळू शिट्टी उतरली, श्वास खाली जायला लागला. मी बाकावर टेकले तेव्हा अंग घामानं भिजलं होतं, पण छाती मोकळी होती. आत्याबाई माझ्या शेजारी बसून डोळे पुसत होत्या.

तेवढ्यात बायकांची रांग लागली. कुणी कुंकू लावलं, कुणी ओटीत नारळ घातला, कुणी लेकरू पायावर घातलं. मी आत्याबाईंना म्हणाले, "त्यांना सांगा ना खरं काय ते."

आत्याबाई कानात म्हणाल्या, "आधी दम खा. नारळाला न्हाई म्हणू नये."

*

आता काकूंच्या यजमानांची, म्हणजे काकांची गोष्ट.

काकूंना रंगूनहून चार वर्षांत एकही पत्र आलं नव्हतं. मधे तिकडून परत आलेल्या कुणी चिठ्ठी पाठवून कळवलं, गिरणी जळाली. घरात कुजबुज सुरू झाली. दत्तरावांची म्हातारी चुलती एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाली, "यमुने, कुंकू किती दिवस लावशील? आता आणखी कुठली खबर पायजे?"

काकू भाजी निवडत होत्या. "गिरणी जळाली असं लिवलंय," त्या म्हणाल्या. "माणूस जळाला असं लिवलं न्हाई."

पण रोज कोण भांडणार. हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं बंद झालं. ओटी भरताना बायका त्यांना ओलांडून पुढं जायला लागल्या. शेवटी दत्तराव खाली मान घालून म्हणाले, "ताई, चैत्रापर्यंत बघू. मग भटजींना बोलावतो." दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पटांगणात आल्या, पाय जुळवले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचं मधे एक पाऊल चुकलं. फेरा मात्र पुरा केला.

फाल्गुन होता. पटांगण हळदीनं भरलेलं, आम्ही कडेच्या पट्टीत ओळीनं उभ्या. फेरा अर्ध्यावर आला होता. मला कुंपणाच्या तोंडाशी एक माणूस दिसला. दाढी वाढलेली, खांद्यावर घोंगडी, अंगावर मांस नाही. वहाणा हातात धरलेल्या. तो आत येत नव्हता, नुसता उभा होता.

मी काकूंकडं बघितलं. त्यांनी बघितलं होतं. त्यांचे हात वर चालले होते, ते वर गेले. मग खाली आले.

आत्याबाई कुजबुजल्या, "यमुनाबाई, अहो, तिकडं बघा."

"दिसून राहिलं," काकू म्हणाल्या.

पुढं ढग सारायचे होते. ते सारताना माणूस वळतो. काकू वळल्या, त्यांची पाठ त्याच्याकडं झाली आणि तोंड आमच्याकडं आलं. गालावरून पाणी हनुवटीपर्यंत चाललं होतं. हात मात्र तसेच, सावकाश. आमच्यापैकी एकीचीही थांबायची हिंमत झाली नाही. जातं झालं, पाखडणं झालं. शेवटी काकूंनी पाय जुळवले, तळवे पोटाशी आणले आणि पुरता एक श्वास तशाच उभ्या राहिल्या.

मग पदरानं तोंड पुसून चालत कुंपणापर्यंत गेल्या. काकांच्या हातांकडं बघून त्यांनी विचारलं, "वहाणा काहून हातात धरल्या?"

काका म्हणाले, "वाजून तुझं मधी मोडू नये म्हणून."